सोनकुसरे बाईंचं ऊन

नागपूरच्या हिवाळ्यात मी एकदा बर्फ पाडला. कापसाचा. सरकीसकट.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात सक्करदऱ्याच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होतो आणि शाळेच्या हस्तलिखित मासिकाचा संपादक होतो. मासिकाचं नाव ‘ओसरी’. त्याची एकच प्रत निघायची. काही मुलांनी लिहायचं, सुंदर अक्षराच्या मुलींनी ते उतरवून काढायचं, चित्रकलेच्या सोनकुसरे बाईंनी पानन् पान सजवायचं आणि शेवटी मी संपादक म्हणून सही ठोकायची, अशी कामाची वाटणी होती. तयार अंक ऑफिससमोरच्या लाकडी स्टँडवर ठेवला जायचा. येणारा-जाणारा उभ्या उभ्या पानं उलटायचा. महिना संपला की जुना अंक उचलायचा, नवा ठेवायचा.

त्या वर्षीचा जानेवारीचा अंक हिवाळ्याचा ठरला होता आणि नेमकं तेव्हाच बाईंना आपल्या गावी, खाप्याला, जावं लागलं. वडील आजारी होते. जाताना पदर खोचत मला म्हणाल्या, “मास्तर, हिवाळा साधा पाहिजे. वरचं पान कोरं राहू द्या. मी आल्यावर पाहीन.”

या तीन वाक्यांतला ‘हिवाळा’ हा शब्द तेवढा माझ्या डोक्यात शिरला.

मी नरखेड तालुक्यातला. आमची संत्र्याची बाग आहे. जानेवारीत ओलिताला जाऊन, गार पाण्याच्या पाटात उभं राहून, पाय आपले आहेत की शेजाऱ्याचे हे कळेनासं होईपर्यंत मी थंडी खाल्लेली आहे. पण वरचं पान रंगवायला हातात ब्रश घेतल्यावर मला हिवाळा आठवला तो मेडिकल स्टोअरच्या कॅलेंडरवरचा. बर्फाचे डोंगर, टोकदार झाडं, उतरत्या छपराचं घर आणि घरापुढे टोपी घातलेला बर्फाचा बाबा. रंगानं बर्फ जमेना, म्हणून कापूस लावायचं ठरवलं. आईनं वातींसाठी पाठवलेला आमच्याच शेतातला कापूस घरी होता. त्यातली सरकी काढायचा मला कंटाळा आला. शिवाय सरकीनं बर्फाला उठाव येतो, असं माझ्यातल्या कलावंताचं मत पडलं. मैद्याची खळ शिजवली. चिकटपणा वाढावा म्हणून तिच्यात गुळाचा खडा टाकला. ही सुधारणा माझी स्वतःची. शनिवारी दुपारी शाळा सुटता सुटता अंक स्टँडवर ठेवला, दोन पावलं मागं होऊन पाहिला आणि समाधानानं घरी गेलो.

सोमवारी सकाळी संस्थेचे अध्यक्ष शाळेत येणार होते. ते येणार होते एका खोलीचा निकाल लावायला, आणि ती खोली होती सोनकुसरे बाईंची. पण ते पुढं सांगतो. आधी बाई कशा होत्या ते सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्या गाढवपणाची पुरती किंमत कळणार नाही.

बाई उंच होत्या, सडसडीत होत्या आणि कोणाचंही चित्र हातभर लांब धरून आधी उलटं पाहायच्या. खालचं वर, वरचं खाली. “सरळ पाहिलं की माणूस गोष्ट पाहते, चित्र नाही पाहत,” म्हणायच्या. मग चित्र सरळ करायच्या आणि उजव्या हाताचा अंगठा त्यावर ठेवायच्या. एखादं झाड झाकायचं, एखादा पक्षी झाकायचा. अंगठा ठेवून विचारायच्या, “हे नसतं तं काही बिघडलं असतं का?” पोरगं म्हणायचं, नाही. “मंग काढलं काहून?” बस्स, हीच त्यांची चित्रकला. बाकीचे शिक्षक काय घालायचं ते शिकवत, बाई काय काढून टाकायचं ते शिकवत. त्यांच्या अंगठ्याला शाळेतली मुलं हेडसरांच्या छडीपेक्षा जास्त भीत.

त्या खाप्याच्या. घरचे माग होते. वडील लुगडी विणायचे. बाईंच्या अंगावर नेहमी हातमागाची साधी, एका रंगाची साडी असे आणि काठ मात्र असा की स्टाफरूममधल्या बायका बोलता बोलता त्याला हात लावून बघत. एकदा आमच्या इतिहासाच्या बाईंनी अंगभर फुलांची नवी कोरी साडी नेसून येऊन विचारलं, “कशी आहे हो?” सगळे म्हणाले, छान. सोनकुसरे बाई डब्यातून मान वर न करता म्हणाल्या, “छान हाय. विणणाऱ्याचा काठावर भरोसा नव्हता, एवढंच.” इतिहासाच्या बाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. महिना संपल्यावर त्या बिनफुलांच्या साडीत आल्या, तेव्हा बाईंनी स्वतःहून त्यांना आपल्या डब्यातली भाजी वाढली. माफी वगैरे मागितली नाही.

माझ्यावर हा अंगठा पहिल्यांदा चालला तो स्नेहसंमेलनात. रंगमंचाची सजावट माझ्याकडे होती. मी पताका लावल्या. लावत गेलो. उत्साह हा माझा जुना आजार आहे. कार्यक्रम सुरू झाला, हेडसर भाषणाला उभे राहिले आणि प्रेक्षकांतून हसण्याची लाट आली, कारण हेडसरांचा आवाज येत होता, धोतर दिसत होतं आणि मधले हेडसर पताकांच्या मागं होते. मी विंगेत घामाघूम. तेवढ्यात सोनकुसरे बाई कात्री घेऊन सरळ रंगमंचावर आल्या आणि भाषण चालू असताना, एक दोरी इकडून, एक तिकडून, अशा शांतपणे कापायला लागल्या. हेडसर थांबले. बाई म्हणाल्या, “चालू द्या सर, तुम्हालेच काढून राहिली बाहेर.” संमेलनात त्या दिवशी सगळ्यात मोठी टाळी हेडसरांना पडली, ते हळूहळू दिसायला लागले तेव्हा.

आता खोली. शाळेच्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला चित्रकलेची एक खोली होती. मोठी, दोन खिडक्यांची. आत रंगांचं कपाट, पाण्याचा माठ आणि खिडकीत कायम वाळत टाकलेल्या संत्र्याच्या साली. संत्री बहुधा मी आणलेली. दर हिवाळ्यात मी घरून पिशवी आणायचो आणि बाई ती हक्कानं घ्यायच्या. “आला का नरखेडचा कर?” म्हणायच्या. साल नखानं दाबून आधी वास घ्यायच्या, मग सोलायच्या. खोलीला त्या सालींचा आणि खळीचा मिळून एक वास असे. आजही कुठं संत्रं सोललं की मला गृहपाठ तपासायचा राहिल्यासारखं वाटतं.

पण हिवाळा लागला की बाई खोलीत शिकवतच नसत. त्या अंगात कधी स्वेटर घालत नव्हत्या. “ऊन फुकट हाय,” म्हणायच्या. सकाळी त्यांच्या खोलीच्या दारासमोर व्हरांड्यात उन्हाचा एक चौकोन पडायचा. बाई आपली एका हाताची लाकडी खुर्ची (दुसरा हात कधीच मोडला होता) त्या चौकोनात टाकायच्या आणि पोरं भोवती मांडी घालून बसायची. ऊन सरकलं की खुर्ची सरकायची, खुर्ची सरकली की पोरं पाट्या-कागद उचलून सरकायची. तासामागून तास, वर्गामागून वर्ग, सोनकुसरे बाईंचा तास असा व्हरांडाभर वाहत जायचा. शेवटच्या तासाला तो हेडसरांच्या दाराशी पोचलेला असे. हेडसर बाहेर येऊन म्हणत, “बाई, चार वाजले वाटतं.” घड्याळाकडं पाहायची त्यांना गरज नव्हती.

हाच वर्ग बाईंच्या अंगाशी आला. शाळेत सामान वाढलं होतं. मोडके बाक, प्रयोगशाळेचे गंजके स्टँड, जुने नकाशे. ठेवायला जागा नव्हती. कोणीतरी अध्यक्षांच्या कानावर घातलं की चित्रकलेच्या बाई खोलीत बसतच नाहीत, व्हरांड्यात असतात, मग त्यांना खोली कशाला? अध्यक्ष म्हणाले, सोमवारी येऊन पाहतो. खोली गेली की कपाट जाणार, कपाट गेलं की रंग जाणार, आणि मग चित्रकलेचे तास गणिताला जोडले जाणार, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. बाईंनाही. म्हणूनच खाप्याहून परत येऊन का होईना, या वेळचं वरचं पान त्यांना स्वतःच करायचं होतं. अध्यक्ष येताना पहिल्यांदा स्टँडपुढून येणार. तिथं काय दिसणार यावर बरंच काही होतं.

तर तिथं काय दिसलं ते आता ऐका.

सोमवारी मी जरा लवकर गेलो. बाई खाप्याहून पहाटेच्या एसटीनं थेट शाळेत आल्या होत्या. हातात पिशवी तशीच, स्टँडसमोर उभ्या. मी जवळ गेलो आणि माझे पाय पुन्हा एकदा नरखेडच्या पाटात बधिर झाले.

रविवारी शाळेला सुटी होती, उंदरांना नव्हती. त्यांनी डोंगर खाल्ले होते. सरकी वेचून खाल्ली होती, गुळाची खळ चाटून चाटून खाल्ली होती आणि उरलेला कापूस बिळात नेण्याच्या दृष्टीनं मोकळा करून ठेवला होता. उतरत्या छपराच्या घराचं छप्परच गेलं होतं. शिल्लक होती ती बर्फाच्या बाबाची टोपी, कारण ती शाईनं काढलेली होती. टोपीच्या खाली बाबा नव्हता. वरच्या पानाच्या पुठ्ठ्याचा एक कोपराही कुरतडलेला होता. वर मुंग्यांची रांग लागली होती, ती वेगळी.

बाईंनी विचारलं, “हा कुठचा हिवाळा हाय, मास्तर?”

मी म्हणालो, “बर्फ आहे, बाई. म्हणजे, होता.”

त्यांनी पुठ्ठा उचलून सवयीप्रमाणं उलटा धरला. टोपी आता वाटीसारखी दिसायला लागली. थोडा वेळ पाहून म्हणाल्या, “उंदरायले आवडला.”

मी रडकुंडीला आलो होतो. माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, “खळीत मोरचूद टाकलं होतं का?”

“मोरचूद?”

“माग असलेल्या घरी पोरगं चालायच्या आधी शिकते. खळीत मोरचूद टाकाव, किडा-उंदीर शिवत नाही. तुम्ही काय टाकलं?”

“गूळ.”

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता माझ्यावरच अंगठा ठेवतात आणि विचारतात, हे नसतं तर काही बिघडलं असतं का? पण त्या फक्त म्हणाल्या, “ओलं फडकं आणा. अन् ब्लेड.”

अध्यक्ष यायला पहिल्या दोन तासांचा अवकाश होता. बाईंनी खोलीच्या दाराशी, उन्हाच्या चौकोनात, पुठ्ठा मांडीवर घेतला. ओल्या फडक्यानं कापूस सोडवला, ब्लेडनं टोपी खरवडली, कुरतडलेली कड पट्टी लावून सरळ कापून टाकली. मी बाजूला उकिडवा बसून त्यांच्या हाताकडं बघत होतो. सगळं निघालं, पण मध्याच्या जरा खाली, जिथं मी सगळ्यात मोठा डोंगर गुळाच्या खळीनं थापला होता, तिथं पिवळसर डाग राहिला. फडक्यानं जाईना, ब्लेडनं जाईना. मी म्हणालो, “बाई, हा नाही जात. दुसरा पुठ्ठा आणू का?”

बाईंनी पुठ्ठा हातभर लांब धरला. उलटा केला, सरळ केला. त्या डागावर अंगठा ठेवला, अंगठा काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मी इतकी वर्षं त्यांना पाहत होतो, पण अंगठा ठेवून त्यांनी काहीतरी परत आणलेलं मी तेव्हाच पाहिलं.

“राहू द्या,” म्हणाल्या.

“डाग?”

“ऊन हाय ते.”

मग त्यांनी काम केलं ते असं. डागाच्या चार कडा पातळ पिवळ्या पाण्यानं सरळ करून घेतल्या, आतला डाग तसाच ठेवला. जिथं दाट तिथं दाट, जिथं विरळ तिथं विरळ. त्या चौकोनाच्या कडेवर, अर्धी आत, अर्धी बाहेर, काळ्या रेघेत एक रिकामी खुर्ची काढली. एका हाताची. आणि डावीकडं, पानाच्या अगदी काठाला लागून, एक उघडं दार. बस्स. बाकी सगळं पान कोरं. झाड नाही, डोंगर नाही, माणूस नाही, वर ‘हिवाळा विशेष’ वगैरे नाही. फक्त ‘ओसरी’, लहान अक्षरात.

“दार कायले काढलं, बाई?” मी विचारलं. वर्गात मी अगदी पुस्तकी बोलतो, पण घाबरलो की माझंही ‘ले’ बाहेर येतं.

“दार नाही तं माणूस आलं कुठून उन्हात?”

ब्रश धुता धुता त्यांनी अंक उघडला. आत पहिल्याच पानावर माझं संपादकीय होतं. अडीच पानांचं. धवल वस्त्र ल्यालेली अवनी, हिमकणांचं गुंजन असं बरंच काही त्यात होतं. बाईंना अंगठा पुरला नाही, त्यांनी तळहात ठेवला. वरून खाली, वरून खाली, तळहात सरकवत गेल्या. दुसऱ्या पानाच्या मध्यात थांबल्या. बोटांच्या फटीतून एकच ओळ दिसत होती: ‘हल्ली सकाळी नळाची तोटी धरवत नाही.’

“हे कोणाचं हाय?”

“माझंच. त्या दिवशी सकाळी नळावर गेलो होतो, म्हणून लिहिलं गेलं.”

“मंग बाकीचं कोणाचं हाय?”

त्यांनी अडीच पानं सोडवून काढली, एक कोरं पान लावलं आणि मधोमध, आपल्या त्या नीट मोकळ्या अक्षरात, ती एक ओळ लिहिली. खाली ‘संपादक’ एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं संपादकीय ते. मी पुढं पुष्कळ लिहिलं, काही छापूनही आलं, पण लिहून झालं की मी आजही तळहात ठेवतो आणि नळाची तोटी सापडते का ते पाहतो. पुष्कळदा सापडत नाही. तेव्हा कागद फाडतो. माझे जे कागद फाडले गेले त्यांबद्दल वाचकांनी सोनकुसरे बाईंचे आभार मानावेत.

अध्यक्ष आले. मोठा माणूस, पांढरं धोतर, लांब कोट, गळ्यात तपकिरी मफलर. सोबत हेडसर. अपेक्षेप्रमाणं ते स्टँडसमोर थांबले. पानाकडं पाहिलं. चष्मा लावून पाहिलं.

“हे झालंय, की व्हायचंय अजून?”

मी घाईघाईनं म्हणालो, “व्हायचंय, साहेब.”

“झालं हाय,” मागून बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. हेडसर छताकडं पाहू लागले. बाई पुढं आल्या. “साहेब, हल्ली सकाळी तुम्ही कुठं बसता?”

“मी? ओसरीवर बसतो. पेपर वाचतो.”

“मंग थोड्या वेळानं?”

“थोड्या वेळानं…” अध्यक्ष बोलता बोलता थांबले. “ऊन सरकतं. मग खुर्ची ओढतो थोडी. तिला म्हणतो चहा इकडेच आण.” आणि मग ते पुन्हा पानाकडं वळले. या वेळी बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी बोट लावलं ते नेमकं माझ्या डागावर. “हे ऊन चांगलं जमलंय. अगदी सकाळचं वाटतं.”

मी मान खाली घातली, लोक विनयानं घालतात तशी.

मग ते मूळ मुद्द्यावर आले. “पण बाई, तुमचा वर्ग बाहेरच भरतो म्हणे. मग खोली काय करता?”

मला वाटलं, आता बाई भांडतील. शाळेत त्यांच्याइतकं सरळ भांडणारं कोणी नव्हतं. पण त्यांनी फक्त पानाच्या काठाला काढलेल्या दारावर अंगठा ठेवला. दार झाकलं. कोऱ्या पानावर उरली ती एक खुर्ची आणि पिवळा चौकोन, कुठून आले कळेना असे. “साहेब, उन्हात बसाले माणूस घरातूनच बाहेर येते. घर नाही त्याचं उन्हात बसणं निराळं असते.”

हेडसरांनी छतावरून नजर काढली. अध्यक्ष बाईंच्या खोलीपर्यंत चालत गेले, आत डोकावले, खिडकीतली संत्र्याची वाळलेली साल उचलून हुंगली आणि तशीच परत ठेवली.

गोष्टीत अशा वेळी खोली वाचते. आमची अर्धी वाचली. सामानाला जागा हवीच होती, तेव्हा खोलीच्या मध्ये कपाटं उभी करून मागचा भाग सामानाला, पुढचा चित्रकलेला, असा निकाल लागला. मला वाटलं, बाई खचल्या असतील. पाहायला गेलो तर त्या खडूनं फरशीवर रेघ ओढत होत्या. दाराची आणि एका खिडकीची बाजू त्यांनी आपल्याकडं घेतली होती. “काठ आपल्याकडं राहिला, मास्तर,” म्हणाल्या. “अंग गेलं तं जाऊ द्या.”

पण त्या दिवशी खुर्ची बाहेर काढायला त्यांना माझी मदत लागली, एरवी लागत नसे.

अंकाच्या शेवटच्या पानावर सजावटकाराचं नाव असायचं. दरवेळी ‘सजावट: सोनकुसरे’. त्या वेळी बाईंनी लिहिलं, ‘सजावट: सोनकुसरे, रेवतकर’. रेवतकर म्हणजे मी. माझं नाव खोडा म्हणून मागं लागलो. खरंच लाज वाटत होती. बाई शाई वाळवत म्हणाल्या, “डाग तुमचाच हाय ना?” मग जरा थांबून, “घरी दाखवा. आईच्या कापसाचं काहीतरी झालं म्हणा.” मी तो अंक आईला दाखवला. आईनं उन्हाच्या चौकोनावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “खुर्चीवरचं माणूस कुठी गेलं?” मी म्हणालो, “चहा आणाले गेलं असंन.” तिला ते पटलं.

बाई पुढं बरीच वर्षं त्या अर्ध्या खोलीत शिकवत राहिल्या. उन्हाळा-पावसाळा आत, हिवाळा बाहेर. मागच्या अर्ध्यात सामान वाढत राहिलं आणि कपाटांच्या फटींतून पुढं येऊ पाहत राहिलं. बाई पायानं त्याला मागं सारायच्या. निवृत्तीचा दिवस आला, तेव्हा सत्कार वगैरे झाल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि कपाटाची चावी पुढं केली.

“हेडसरले सांगितलं मी. चित्रकलेचे तास तुम्ही घ्या.”

“मी? बाई, मला चित्र येत नाही.”

“ते सगळ्या शाळेले माहीत हाय. चित्र काढाले कोण सांगून राहिलं? चावी ठेवाले सांगून राहिली. खोलीत माणूस नसलं की सामान वाढते. सामानाचा स्वभावच हाय तो.”

मी चावी घेतली. मुलांना बाईंचंच शिकवलं: हे नसतं तर काही बिघडलं असतं का? माझ्या अंगठ्याला कोणी भ्यालं नाही, पण मुलं ऐकायची. आणि सामान मी एक वीतही पुढं येऊ दिलं नाही. भांडलो, अर्ज केले, मोडके बाक स्वतः उचलून बाहेर ठेवले. शेवटी, ऐंशी साल उलटून गेल्यावर, शाळेला मागच्या बाजूला नवी शेड मिळाली. सामान तिकडं गेलं. कपाटं भिंतीला लागली. फरशीवरची खडूची रेघ केव्हाच पुसली होती, पण मी उगाच ती जागा ओलांडून पलीकडच्या खिडकीशी गेलो आणि ती उघडली.

ही बातमी पत्रानं कळवण्यासारखी नव्हती. जानेवारी होता. नवा अंक स्टँडवरून उचलला, घरची संत्री पिशवीत भरली आणि खाप्याची एसटी धरली.

बाई अंगणात बसल्या होत्या. खुर्ची तीच, एका हाताची. निवृत्त होताना शाळेकडून फक्त तेवढीच मागून घेतली होती म्हणे. केस पांढरे झाले होते. अंगात स्वेटर मात्र अजून नव्हता. मला पाहून म्हणाल्या, “आला का नरखेडचा कर?”

मी पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. शेड, सामान, कपाटं, दुसरी खिडकी. बाई संत्रं हातात घेऊन साल नखानं दाबत होत्या, वास घेत होत्या, पुन्हा दाबत होत्या. शेवटी म्हणाल्या, “पुरी?”

“पुरी, बाई.”

“दोन्ही खिडक्या?”

“दोन्ही.”

त्यांनी खुर्ची जराशी ओढली. ऊन सरकलं नव्हतं. मला वाटतं, ते फक्त काहीतरी करायचं म्हणून. मीही मग अशा वेळी हमखास करतो तेच केलं. पिशवीतून अंक काढला. वरचं पान मी स्वतः केलं होतं. अगदी साधं. कोरं पान आणि मधोमध एक संत्रं, बाकी काही नाही. बाईंना आवडेल याची मला इतकी खात्री होती की मी रस्ताभर एसटीत त्यांचे शब्द ठरवत आलो होतो.

बाईंनी अंक हातभर लांब धरला. उलटा केला, सरळ केला. मांडीवरचं खरं संत्रं उचलून त्या चित्राशेजारी ठेवलं. एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

“हा बटाटा हाय का?”

“संत्रं आहे, बाई.”

“तुमची बाग हाय ना संत्र्याची?”

“हो.”

“अन् पोरांयले चित्रकला कोण शिकवून राहिलं आता?”

“मीच. तुम्हीच चावी दिली होती.”

बाईंनी संत्रं सोलून एक फोड तोंडात टाकली, शांतपणे चावली आणि अंक माझ्या हातात परत दिला.

“मंग ते सामान आणून ठेवा खोलीत.”